ऐंशी डोळे, चाळीस माणसं

नेत्रसंशोधन संस्थेत तिला सगळे आकडेबाई म्हणत. सहा प्रयोगशाळांत मिळून संख्याशास्त्र जाणणारी ही एकच. जिन्याखालची खोली, दोन संगणक, डगमगतं टेबल आणि दाराला दोरीने बांधलेली, येणाऱ्याने आपली वेळ लिहायची वही. जनुकांच्या याद्या असोत की रुग्णांच्या तपासण्या, जो तो आपलंच घोडं पुढे दामटत तिथे यायचा. तेही प्रयोग उरकून, निकाल मनात पक्का करून. आधी विचारायला यांची जीभ का झडते, हे कोडं तिला वीस वर्षांत सुटलं नव्हतं.

त्या सोमवारी डोळ्याच्या पडद्याच्या आजाराचे डॉक्टर आले. त्यांच्या नव्या गोळीने नजर टिकते, असा दावा होता.

"ऐंशी डोळे तपासलेत," ते म्हणाले.

"माणसं किती?"

"चाळीस. प्रत्येकाला दोन असतात हो, बाई!"

"असतात. पण एक बिघडला की दुसराही त्याच वाटेने जातो. एकाच माणसाची साक्ष दोनदा लिहिली म्हणून साक्षीदार दोन होत नाहीत."

डॉक्टरांचं हसू मावळलं. तिने माणशी हिशेब मांडला, तेव्हा गोळीचा गुण निव्वळ योगायोगही असू शकतो, असं निघालं. पाच वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडलं.

"तुमच्या भावालाही हाच आजार ना?" डॉक्टर म्हणाले. "अहवालावर तुमची सही झाली, तर पुढच्या महिन्यापासून त्याला गोळी मिळेल."

हे खरंच होतं. दादाची नजर कडेकडेने मिटत चालली होती. तिने हिशेब आणखी तीनदा तपासला आणि तिन्ही वेळा आपलंच चुकलेलं असू दे, असं तिला वाटत राहिलं. चूक सापडली नाही. शेवटी तिने लिहिलं: गुण सिद्ध होत नाही, दोनशे माणसांवर पुन्हा चाचणी घ्यावी.

संध्याकाळी चहा घेताना तिने दादाला सगळं सांगितलं.

"म्हणजे अजून किती दिवस?"

"तीन वर्षं."

दादाने चाचपडत कप खाली ठेवला. त्याची नजर फार तर वर्षभर पुरेल, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"बरं," तो म्हणाला. "गोळी मिळाली, तर तिचा रंग तेवढा सांग मला."

ती "सांगेन" म्हणाली.