वर काय दिसलं ते सांगू नकोस

"तू ते खाली आणायचं नाहीस, ओइवा. आणि वर काय दिसलं तेही मला सांगायचं नाहीस."

"अगं, पिल्लांच्या पायांत कडी घालायला मी चढणारच आहे! दरवर्षी चढतो. जाता जाता हात घालायचा, ते काढायचं. एकदाचा सोक्षमोक्ष."

"सोक्षमोक्ष मे महिन्यातच झालाय. चर्चची घंटा वाजली तेव्हा टोपी काढून उभा होतास ना?"

"ती घंटा वाजली तुझ्या दुर्बिणीच्या भरवशावर! पाऊण किलोमीटरवरून एक हिरवा पट्टा दिसला काय, आणि..."

"माझं विणकाम मला ओळखू येत नाही?"

"मलाही येतं. तू विणलेल्या टोपीत माझं डोकं कधी शिरलं नाही."

"डोकं मोठं होतं. आत काही नव्हतं, ते वेगळं."

मी खाली बसून दोराचं वेटोळं करत होते. ओइवा माझे बाबा आणि केर्तू आत्या त्यांची थोरली बहीण. जुलैचा पहिला आठवडा होता. तळ्यापलीकडच्या दलदलीत, शेंडा छाटलेल्या पाइनवर, कैकरच्या जोडीची तीन पिल्लं पायांत ओळखीच्या नंबराची कडी घालण्याजोगी झाली होती. मासे मारणाऱ्या या घारींची घरटी सांभाळणं हे बाबांचं तीस वर्षांचं वेड. आत्याला त्यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं, या वर्षापर्यंत.

आत्यानं अठ्ठावीस वर्षं तळ्यावरचा तराफा चालवला. दुधाच्या गाड्या, नवऱ्या मुली, शवपेट्या, सगळं तिनं पार नेलं. लग्नाच्या चौथ्या वर्षी इल्मारी आतोबा तिच्याच तराफ्यावरून, एक पिशवी घेऊन स्वीडनला निघून गेले. तिला म्हणाले होते, दुकानात चाललोय. अकरा महिन्यांनी परत आले, तेही तिच्याच तराफ्यावरून. ती एवढंच म्हणाली, "घरात येताना पाय पूस." कुठे होतास, का गेलास, हे तिनं कधी विचारलं नाही. ही गोष्ट ती हसत सांगायची, आणि ऐकणाऱ्यांनी हसलेलं तिला चालायचं नाही.

मागच्या ऑक्टोबरात आतोबा जाळी काढायला होडी घेऊन गेले. होडी लव्हाळ्यात अडकलेली सापडली, वल्ही आतच. ते सापडले नाहीत. पंधरा दिवसांत तळं गोठलं. गावात लोक म्हणाले, बुडाला. मग आवाज खाली घेऊन म्हणाले, स्वीडन.

आतोबा निघाले त्या सकाळीच आत्यानं त्यांचे नवे हातमोजे सुयांवरून उतरवले होते, पांढरे, हिरव्या पट्ट्याचे; तेच घालून ते गेले. मे महिन्यात, मादी अंड्यांवर बसलेली असताना, तिला दुर्बिणीतून घरट्याच्या काठावर तो पट्टा दिसला. हे पक्षी काठावरून काय वाटेल ते उचलून घरट्यात लावतात. आत्या तडक पाद्र्याकडे गेली. पाण्यातून आलाय, म्हणाली. मेल्याची घंटा वाजव.

मी एकदाच तिला विचारलं होतं, "आत्या, ते कुठेतरी जिवंत असतील, असं नाही वाटत तुला?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या घरात शिवी दिली होती.

"बुडाला असेल तर तो माझा आहे, साइमी. जिवंत असेल तर नाही."

शेवटी काही सांगणार नाही असा आत्याला शब्द देऊन बाबा चढले. मी खाली दोर धरून. मादी डोक्यावर घिरट्या घालत किंचाळत होती. पिशवीतून एकेक पिल्लू खाली आलं, मेल्यासारखं पसरलेलं, फक्त नारिंगी डोळा जागा. कडी घातली, वजनं लिहिली, पिशवी परत वर गेली. मग बाबा खाली येईनात.

"बाबा?"

वरून चाकूचा आवाज आला, थोडा, आणि थांबला.

खाली आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघणं टाळलं.

"काय होतं वर?"

"पिल्लं. तीन. मोजलीस ना?"

मग तो उन्हाळा आत्यानं दुर्बिणीला डोळा लावून काढला. रोज कॉफीच्या वेळी बातम्या. "धाकटं पंख मारतंय, पण उठत नाही. तुझ्या बापावर गेलंय." ऑगस्टच्या मध्यावर मादी गेली. "बाई निघाली बघ. शहाणी आहे. आफ्रिकेत ऊन खाईल, इथे बाप्या राबेल." महिनाअखेरीस दोन पिल्लं गेली. नर मात्र मासा आणतच होता, धाकट्यासाठी. मग सप्टेंबरात तोही गेला. धुकं उतरलं, दुर्बिणीत नुसतं दूध.

त्यानंतर आत्या खिडक्या बंद करून बसू लागली. एकदा दुपारी मी आणि बाबा तिच्याकडे राय-धान्याची पाव-भाकरी पोचवायला गेलो, तर रेडिओ मोठ्यानं लावलेला.

"बहिरी झालीस का?" बाबा म्हणाले.

"झाले असते तर बरं. ते हाका मारतंय. तीन दिवस झाले. आधी वाटलं, मला भास होतोय. इल्मारी पलीकडच्या काठावरून तराफ्यासाठी अशीच हाक द्यायचा."

बाबांनी रेडिओ बंद केला. तळ्यावरून बारीक, चिरका आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

"पिल्लं तर सगळी गेली होती," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. "साइमी, दोर."

संध्याकाळच्या आत आम्ही परत आलो. आत्या स्टोवर कॉफी ठेवत होती.

"बूट!" ती ओरडली.

बाबांनी बूट काढले नाहीत. चिखलासकट तिच्या घासलेल्या फरशीवर उभे राहिले.

"पाय अडकला होता धाकट्याचा. बाप होता तोवर भरवत होता. नंतर कोण भरवणार?"

"मेलं?"

"सोडवलं. उडालं. पाण्याला टेकत टेकत, एक पाय लोंबत." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "एका पायानं मासा धरता येत नाही, केर्तू."

"बिचारं." तिनं पाठ केली. "दूध घालू?"

"कशात अडकला ते विचार."

"दूध घालू का म्हणतेय मी."

"तीस वर्षांत मी घरट्यात एक दोरा राहू दिला नाही. माझा नियम आहे. या वर्षी राहू दिला. जुलैत सुटी टोकं कापली आणि पट्टा तसाच वर ठेवला, तुला दिसावा म्हणून."

"ओइवा, तू शब्द दिला होतास."

"दिला होता. त्या पिल्लाच्या पायाचं हाड दिसत होतं." बाबा म्हणाले. "गवताचे गठ्ठे बांधायची जाळी आहे ती. प्लास्टिकची, हिरव्या पट्ट्याची. कुणाच्याही शेतातली."

आत्या वळली नाही. "लोकर नव्हती? खाली, आत कुठेतरी?"

"मी सगळं उपसलं. नव्हती."

"नीट बघितलंस?"

"तो बुडाला नाही, असं मी म्हणत नाहीये. ऐकतेस का? बुडालाही असेल. मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

कॉफी उतू जाऊन स्टोवर चरचरली. मीच पुढे होऊन भांडं बाजूला केलं.

"पाद्र्याला काय सांगू?" बाबांनी हळूच विचारलं. "दगडावर नाव कोरायला दिलंयस तू. थांबव म्हणू? केर्तू? काहीतरी बोल ना."

आत्यानं हात पुसले, खुंटीवरचा कोट घेतला, एक बाही घातली, दुसरी तशीच लोंबत ठेवली आणि आम्हा दोघांच्या मधून बाहेर निघून गेली.