पाच मैलांची शर्यत, मोजून

वाचनालयाच्या फळ्यावर हा कागद वाचणाऱ्या सगळ्यांना,

आज सकाळच्या चिंचोटी ते जूचंद्र शर्यतीबद्दल लिहिते. दरवर्षी आपण तिला पाच मैलांची म्हणतो. मी जमीनमोजणी शिकले आहे, म्हणून गेल्या आठवड्यात भावाला सोबत घेऊन सहासष्ट फुटी साखळीने रस्ता मोजला. पाच मैलांना चारशे साखळ्या हव्यात. तीनशे शहाऐंशी भरल्या.

आज हे सांगितल्यावर धावणारे हसले. "बाय, चौदा साखल्या कोनी खाल्ल्या?"

मिठागरातला हिराजी हसला नाही. तीन वर्षे तोच पहिला येतो आणि आता त्याचा पाच मैलांच्या वेळेचा विक्रम खोटा ठरत होता. तो म्हणाला, "सुरुवातीची रेघ मागं घ्या." मग चुन्याचं घमेलं उचलून तोच माझ्याबरोबर मोजत मागे आला.

आज तो दुसरा आला. घड्याळ माझ्या हातात होतं, पण त्याने वेळ विचारली नाही.

"बाय, आज पुरे पाच?"

"पुरे पाच."

"मंग झालं," म्हणत तो पाणी प्यायला गेला.

मला आपल्या गावाचा अभिमान वाटला. त्याच्या जागी तुम्ही असतात, तर रेघ मागे घेऊ दिली असती?