डफ तापेपर्यंत

आबांच्या त्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला, ऐन गाण्याच्या मध्यावर, गायक अर्धे मिनिट गप्प राहतो. या अर्ध्या मिनिटाविषयी आजवर पुष्कळ खोटे बोलले गेले आहे. वरणगावचे एक सद्गृहस्थ प्रत्येक समारंभात सांगतात की, तेव्हा वीज गेली होती. साफ चूक. वीज गेली असती तर यंत्रच थांबले असते. फितीवर अर्धे मिनिट उरलेच कसे असते? जळगावचे एक जाणकार त्याला माझी कलात्मक योजना म्हणतात. तेही खोटे, आणि ते मी फार वर्षे आनंदाने चालू दिले.

ऐंशीचे दशक सरत आले होते. मी पंचविशीत होतो. फैजपुरात केळी पिकवण्याच्या एका पडीक खोलीला गोणपाट ठोकून मी तिचा स्टुडिओ केला होता. केळी केव्हाच गेली होती, पण त्यांचा गोड वास भिंतींत मुरला होता. दुपारी डोळे मिटले की वाटे, इथे आवाजही हळूहळू पिवळा होत असावा. यंत्र एकच, मोठ्या रिळांचा जुना टेपरेकॉर्डर.

गायक आबा धुळ्याकडचे. ते वही हा खानदेशी गाण्याचा प्रकार गात: डफाच्या ठेक्यावर यमकामागून यमक, अर्धे गात, अर्धे बोलत, समोरच्या फडाला डिवचत. आज मुले ज्याला रॅप म्हणतात, ते आबा माझ्या जन्माआधीपासून करीत होते. नाव मोठे, पण कॅसेट एकही नाही. दोन ध्वनिमुद्रकांना त्यांनी परत पाठवले होते. मला म्हणाले, "करी दे. पन मी ऐकसू. माले पटनं तरच बाहेर जाई." ती माझी पहिली कॅसेट होती. आबांनी नकाराची मान हलवली असती, तर मी थोरल्या भावाच्या किराणा दुकानात बसलो असतो.

हिवाळ्यातल्या एका सकाळी, आबांच्या गावच्या खळ्यावर, जमलेल्या गावकऱ्यांसमोर, शेजारच्या घरातून वायर ओढून आम्ही ध्वनिमुद्रण केले. दवाने डफाचे कातडे सैल पडले. डफवाला गाणे अर्ध्यावर सोडून उठला आणि कापसाच्या पेटलेल्या पऱ्हाट्यांवर डफ शेकू लागला. आबा तसेच उभे राहिले. यंत्र बंद करायचे मला सुचले नाही. धूर उन्हात चढत होता आणि मी त्याच्याकडे पाहत राहिलो.

स्टुडिओत आल्यावर मात्र मी ब्लेडने तो तुकडा नेमका कापला, टोके जोडली आणि कापलेली फीत खिळ्यावर टांगली. माझ्या सफाईचा मला अभिमान वाटला.

आबा आणि डफवाला ऐकायला आले. आबांनी डोळे मिटले. जोड आला आणि डोळे उघडले.

"मानसे कोठे गयात?"

"कुठली माणसं, आबा? सगळे शब्द आहेत की."

"शब्द शेतस. मानसे नहीत. इतली घाई कोनले व्हती रे भो?"

डफवाला हसला. "शहरना डफ बिगर तापाडता वाजस, आबा!"

मी खिळ्याकडे बोट दाखवले. म्हणालो, "ते रिकामं होतं."

"रिकामं? लाव."

लावले. पऱ्हाट्या तडतडल्या. कुणी खोकले. दूर एका बैलाची घंटा हलली. एका बाईने हळूच विचारले, "तापना का?" मग काहीच नाही; फक्त शंभरेक माणसांचे वाट पाहणे. ते मी न ऐकताच कापले होते.

"डफ तापस तवय ऐकनारा बी तापस," आबा म्हणाले.

मी तुकडा पुन्हा जोडला. आबांनी पुन्हा डोळे मिटले. जोड आला, गेला; दुसराही गेला. डोळे मिटलेलेच राहिले. गाणे संपल्यावर त्यांनी चहा मागितला. कॅसेट बाहेर गेली ती त्या चहावर.

माझे म्हणणे ज्यांना पटत नसेल, त्यांनी कान लावावा. त्या अर्ध्या मिनिटाच्या आरंभी एक बारीक 'टक्' येते, शेवटी दुसरे. वीज गेल्याने असे दोन आवाज उमटत नाहीत, आणि योजनेनेही नाही. ते माझ्या ब्लेडचे आहेत. त्यांच्यामध्ये पऱ्हाट्या अजून जळत आहेत.