एल्डनचा ब्रेक, नीटाचे कान

एल्डन प्रुएटसारखा आडमुठा माणूस आमच्या खोऱ्यात दुसरा नाही, आणि आयडाहोच्या या डोंगरांत आडमुठ्या माणसांची कधीच टंचाई नव्हती. त्याने आयुष्यभर शाळेची बस चालवली. बर्फाने रस्ता बंद झाला तरी पोरांना घरोघर पोचवलं, प्रसंगी खांद्यावर बसवून. पण त्याच्या फाटकावर पाटी नाही की पत्रपेटीवर नाव नाही. "ज्याला मी हवा असतो त्याला घर ठाऊक असतं," असं म्हणतो. मी त्याची शेजारीण. ओढ्याच्या अलीकडे मी, पलीकडे तो आणि त्याची बायको नीटा.

दर शरदात ही दोघं एल्क मारायला डोंगरात जात. एल्क म्हणजे सांबरासारखंच, पण घोड्याएवढं जनावर. एक मिळालं की हिवाळाभर मांस पुरतं. एल्डनचे कान तरुणपणीच गेले होते. आमच्याकडचे पुरुष गोळी झाडताना कान झाकत नसत, तो शहरी चोचला मानला जाई. माणसाचं बोलणं त्याला कळायचं, पण माजावर आलेला नर जी बारीक, लांब शीळ घालतो ती त्याला मुळीच ऐकू येत नसे. ती ऐकायची नीटा. नर कुठल्या कड्यावर आहे, तरुण आहे की म्हातारा, भांडायला आलाय की नुसताच एकटा पडलाय, सगळं ती शिळेवरून सांगायची. तिने हात केला की एल्डन तिकडे नेम धरायचा. नीटाला बाकी कशाचा गर्व नव्हता, पण त्या कानांचा होता.

मग एल्डनच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. त्याची रायफल मोठी, तिचा दणकाही तसाच. रायफल विकून टाका, असं डॉक्टरांनी सांगितलं. एल्डन तिथून तडक बंदुकवाल्या व्हॉनच्या दुकानात आला. मी तिथे कॉफी पीत बसले होते, कारण आमच्या गावात हॉटेलपेक्षा व्हॉनची कॉफी बरी असते.

व्हॉनने नळीच्या तोंडाला लावायच्या दोन वस्तू त्याच्यापुढे ठेवल्या. पहिली बोटाएवढी, दोन्ही बाजूंना भोकं असलेली.

"हा ब्रेक. गोळीमागचा वायू या भोकांतून कडेला फेकला जातो, म्हणून रायफल मागे येत नाही. खांद्याला नुसती टपली बसेल. पण आवाजही कडेला जातो, एल्डन. शेजारी कोणी असेल तर त्याचे कान फाटतील."

"आणि हा डबा?"

"सायलेन्सर. दणका ब्रेकपेक्षा थोडा जास्त, पण तुला सोसेल. कान मात्र शाबूत राहतात. फक्त सरकारला फोटो द्यायचा आणि दहाही बोटांचे ठसे."

"ठसे?" एल्डनने हात खिशात घातले. "मी काय कुणाची गुरं चोरलीत?"

"कायदाच आहे बाबा. मीसुद्धा दिलेत."

"तू दिलेस म्हणून मी देऊ? तू तर डोक्यावरचे केसही देऊन बसलायस."

"मग बारकी रायफल घे."

"आणि जखमी जनावर रानात पळालं, तर शोधायला तू येणार? एका गोळीत मारता येत नसेल तर मारूच नये."

हे त्याचं म्हणणं खरं होतं. इथे तेवढी एक लाज सगळ्यांना आहे. पण मला राहवेना.

"एल्डन, गोळी सुटते तेव्हा नीटा कुठे असते रे? तुझ्या हाताला हात लावून ना?"

"ती कान झाकेल."

"झाकलेल्या कानांनी ऐकणार काय?"

"ए डोरीन, कॉफी निवतेय तुझी."

त्याने ब्रेक घेतला. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला म्हणतात, ते मला त्या दिवशी समोर दिसलं आणि मी कॉफी पीत बसले.

नीटाने त्याला सांगून पाहिलं होतं. ती मला म्हणाली, "अगं, मी म्हटलं, देऊन टाक ठसे, तुझ्या बोटांचं कोण लोणचं घालणार आहे? तर म्हणतो, माझ्या बापाने दिले नाहीत, आज्याने दिले नाहीत. जाऊ दे. खांद्यापायी कण्हत असतो बिचारा. एकाला तरी सुख लागू दे." मग तिनेच तोड काढली. ती उघड्या कानांनी ऐकणार. नर टप्प्यात आला की गळ्यात अडकवलेलं झाकण कानांवर चढवणार आणि शेजारी पडल्यापडल्या पायाने एल्डनचा घोटा दाबणार. घोटा दाबल्याशिवाय त्याने चाप ओढायचा नाही. त्याने शब्द दिला, आणि एल्डनचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे सगळं खोरं मानतं.

ऑक्टोबरचे पहिले दिवस होते. दोघं एका पडलेल्या पाइनच्या आड पालथी पडली होती. खालच्या दरीत एक नर शीळ घालत होता. तेवढ्यात बाजूच्या कड्यावरून दुसऱ्याने उत्तर दिलं, म्हणून नीटाने मान वळवली आणि किंचित उठून पुढे सरकली. तिचा कान नळीच्या तोंडाच्या अगदी बाजूला आला. त्याच क्षणी खालचा नर झाडीतून बाहेर पडला. वारा फिरला. जनावराने मान वर केली. आता ते जाणार, हे एल्डनला कळलं.

"मी थांबलो नाही, डोरीन," त्याने मला नंतर सांगितलं. सबब सांगितली नाही, चापाला फांदी लागली म्हणाला नाही. "ते जात होतं, आणि मी थांबलो नाही."

नर जागच्या जागी कोसळला. खांदा जराही दुखला नाही. एल्डन हसतच वळला, तर नीटा गुडघ्यांवर बसली होती, दोन्ही हात कानांवर, आणि तिच्या बोटांमधून रक्ताची बारीक रेघ खाली येत होती. तो काय बोलतोय ते तिला कळेना. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

कानाचा पडदा वसंतापर्यंत भरून आला. आतलं मात्र दोन्हीकडचं गेलं. यंत्र लावल्यावर मोठ्याने बोललेलं समजतं. बारीक आवाज गेले ते गेलेच, आणि त्यांच्या जागी डोक्यात एकसारखी शिट्टी वाजत राहते.

"आता माझ्या डोक्यातच एक नर ओरडतोय," नीटा मला म्हणाली. "मेला जातही नाही नि समोरही येत नाही." आम्ही दोघी हसलो. मग ती रडली, आणि तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मला एल्डनचा इतका राग आला की महिनाभर मी ओढा ओलांडला नाही. तो राग अजून पुरता गेलेला नाही.

एल्डनने कुणालाही न सांगता शेरीफच्या कचेरीत जाऊन दहाही बोटं टेकवली. तिथून काळ्या बोटांनी तो व्हॉनच्या दुकानात आला आणि सायलेन्सर मागितला. दुकानात चार माणसं होती. आमची माणसं मयताच्या घरीही टिंगल सोडत नाहीत, पण त्या दिवशी चौघांनीही नुसतं सरकून त्याला वाट दिली. सायलेन्सर आला, नळीवर चढला. त्या रायफलीतून अजून एकही गोळी सुटलेली नाही.

यंदा सप्टेंबरमध्ये मी त्यांच्या ओसरीवर नीटाबरोबर सफरचंदं सोलत होते. एल्डन पायरीवर बसून घोड्याचा लगाम शिवत होता. अचानक घरामागच्या कड्यावरून शीळ आली. इतकी जवळून, इतकी स्वच्छ, की माझ्या हातातली सुरी थांबली. कुंपणातल्या घोड्याने कान टवकारले.

नीटा सोलतच होती.

एल्डनने घोडा पाहिला, मग माझा थांबलेला हात पाहिला. त्याला काही ऐकू आलं नव्हतं, पण कळलं. त्याने सवयीने नीटाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. शीळ कुठून आली, ते तो आयुष्यभर त्याच चेहऱ्यावर वाचत आला होता.

त्याची नजर जाणवून तिने वर पाहिलं. "काय रे? तोंडाला काही लागलंय का माझ्या?"

"नाही गं," तो ओरडून म्हणाला, कारण आता तिच्याशी ओरडूनच बोलावं लागतं. "तुझ्याकडे बघत होतो, एवढंच."

"इश्श," ती म्हणाली आणि तिने पुढचं सफरचंद उचललं. कड्यावरचा नर पुन्हा ओरडला. मी मान खाली घातली आणि सोलत राहिले.