बसत बसत जाऊ

कुंदाच्या वहिनीचा फोन आला तेव्हा मी डाळिंब्या सोलत बसले होते. वालाला छान मोड आले होते, साली नुसत्या बोटाने निघत होत्या, आणि ते बिरडं कुंदासाठीच होतं. भाताच्या लावणीसाठी ती म्हसळ्याजवळ गावी, भावाकडे गेली होती. रविवारी परत येणार होती आणि चपला काढायच्या आधी दारातूनच "बिरडं केलंस काय गो?" असं विचारणार होती. वहिनी म्हणाली, "बाई, ताई गेल्या." मी म्हटलं, "कुठे गेली?" इतका बावळट प्रश्न मी उभ्या आयुष्यात विचारला नसेल. शेतावरच्या माणसांना चहा देऊन ती बांधावर जरा टेकली, छातीवर हात ठेवला, आणि संपलं... जिने आयुष्यभर दुसऱ्यांच्या नाड्या बघितल्या, तिची नाडी बघायला कुणाला सवडसुद्धा मिळाली नाही. फोन ठेवला आणि उरलेल्या सगळ्या डाळिंब्या मी सोलून टाकल्या. का, ते विचारू नका. हात थांबत नव्हते.

कुंदा आमच्या भागातली सरकारी नर्स. बोर्ली पंचतनच्या आसपासची एकेक वाडी तिने तीस वर्षं पायी तुडवली. मी इथल्या शाळेत शिक्षिका. आमची पहिली भेट भांडणाने झाली. ती लस टोचायला शाळेत आली आणि माझा अर्धा वर्ग मागच्या दगडी गडग्यावरून उड्या मारून पळाला. तशी सगळ्यांसमोर मला म्हणाली, "बाई, पोरं धरता येत न्हायत, तर शिकवता कशी?" मी दोन महिने तिच्याशी बोलले नाही. नंतर माझ्या मुलाला कावीळ झाली. ती कुणी न बोलावता रोज संध्याकाळी येऊन बसायला लागली, आणि मुलगा बरा झाल्यावरही यायची थांबली नाही. तिने लग्न केलं नव्हतं. माझे यजमान गेले, मुलगा पुण्याला स्थायिक झाला, आणि मग संध्याकाळी फिरायला आम्ही दोघीच उरलो. गावात कुणाला एकटी दिसले, की पहिला प्रश्न यायचा, "नर्सबाई कुठे?"

तिचे वडील बोटीवर होते. भातशेती करणाऱ्या घरातला हा माणूस, पोटासाठी मोठ्या प्रवासी बोटीच्या लॉन्ड्रीत लागला होता. इंग्लंडहून निघून अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला जाणारी बोट. धक्क्याला लागली की उतारू शहर बघायला जात आणि लॉन्ड्रीवाले चादरींच्या ढिगात बुडत, कारण बोटीला लगेच परत निघायचं असे. कपडे वाळायला टाकल्यावर ते दोन मिनिटं वर येऊन कठड्यापाशी उभे राहत, तेवढंच त्यांचं न्यूयॉर्क. कुंदाला लहानपणी ते सांगत, "बघितलंय वीस येळा. पाय न्हाय लावला." हे वाक्य ती मला इतक्यांदा सांगून चुकली होती, की मलाच ते माझ्या वडिलांचं वाटायला लागलं होतं.

आम्ही दोघी निवृत्त झाल्यावर एके दिवशी तिने जाहीर केलं, की आपण दोघींनी जायचं. विमानाने लंडन, तिथून आगगाडीने बंदर, मग सात दिवस बोट आणि शेवटी न्यूयॉर्कात चार दिवस. मी म्हटलं, "क्रूझला?" तर भडकली. "क्रूझ न्हाय गो. क्रूझ फिरवून परत आणून सोडते. ही बोट पलीकडं नेते. बाबा गेले तशीच." विमानाने सरळ जाता येतं, स्वस्तही पडतं, हे मी तिला सांगून पाहिलं. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी उठून पासबुक काढलं.

दोघींचं पेन्शन ते केवढं! पण कुंदाचा हिशेब तयार होता. बोटीवर बिनखिडकीची खोली घ्यायची, कारण खिडकी हवी कुणाला, दिवसभर डेकवरच तर बसायचंय. बोटीच्या तिकिटात खाणंपिणं आलं. खरी परीक्षा उतरल्यावर. "बोटीवर आपण जावई, खाली उतरलो की घरजावई," ती म्हणायची. शहरात पैसे खातात ते दोघेच, गाडी आणि हॉटेलातलं जेवण. तेव्हा चार दिवस पायी चालायचं आणि हाताने शिजवून खायचं. तिने बायकांचं एक हॉस्टेल शोधलं होतं, खोलीत चार खाटा आणि खाली सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर. तांदूळ, मेतकूट, कुळथाचं पीठ बरोबर. फुकट काय काय बघता येतं, ते तिने मोबाइलवर शोधून काढलं होतं. तिथली मोठी लायब्ररी फुकट, बाग फुकट. एक फेरीबोटसुद्धा फुकट निघाली, तेव्हा ती एवढी खूश झाली, जणू ती तिनेच सुरू केली होती.

पण एवढं चालणं जमेल का? ते बघायला तिने काय केलं असेल? अख्खं न्यूयॉर्क उचलून बोर्लीत आणून ठेवलं. मोबाइलवर तिथली अंतरं बघायची आणि इथे पावलांनी मोजायची. आमचा एसटी स्टँड म्हणजे बोटीचा धक्का. पोस्ट म्हणजे हॉस्टेल. भाताची गिरणी म्हणजे लायब्ररी. इस्माईलभाईंची बेकरी म्हणजे म्युझियम, आणि दिवेआगरच्या रस्त्याला लागल्यावर पहिली सुपारीची वाडी लागते, ती मोठी बाग. एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिने हा नकाशा काढला, शहर निळ्या शाईने आणि बोर्ली लाल शाईने. रोज संध्याकाळी आम्ही त्यातला एकेक दिवस चालायला लागलो. वाटेत कुणी विचारलं, "कुठं निघाल्या नर्सबाई?" तर ती सरळ सांगायची, "लायब्ररीत."

"हितं कुठं हाय लायब्ररी?"

"गिरणीच्या जागी," असं म्हणून ती पुढे. नर्सबाईंचं डोकं फिरलं, अशी बातमी बाजारात व्हायला वेळ लागला नाही. मग खरं कारण कळलं आणि सगळं बोर्लीच त्या सहलीत सामील झालं. पोस्टातले लोक आम्हाला बघून "खाट राखून ठेवलीये हो" म्हणायचे. इतकं हसू माझ्या वाट्याला त्याआधी कित्येक वर्षं आलं नव्हतं.

आता जे लिहायचं आहे, ते लिहायलाच मी हा लेख हातात घेतला आहे. मला पाण्याची भीती वाटते. हे चार शब्द मी कुंदाला कधी सांगितले नाहीत. जन्म समुद्राकाठी गेला, आणि या वयात पाण्याला भिते म्हणून सांगायचं कुणाला? बोटीची सवय व्हावी म्हणून ती एकदा मला दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्याला घेऊन गेली. कुंदा थेट पुढच्या कठड्याला जाऊन उभी, केस उडतायत, पदर कमरेला खोचलेला. मी मधल्या बाकावर लोखंडी दांडा घट्ट धरून बसले होते आणि समोर उभ्या केलेल्या स्कूटरच्या नंबराकडे बघत होते. तो नंबर मला अजून पाठ आहे. ती वाऱ्यावरून ओरडली, "सात दिवस असंच गो! काठ न्हाय, कोण न्हाय!" तिचा आनंद गगनात मावत नव्हता आणि मी तो नंबर आता उलटा वाचत होते.

पासपोर्ट आले. दिवाळीनंतर मे महिन्याचं तिकीट काढायची वेळ झाली, तेव्हा मी तिला सांगितलं, की माझे गुडघे दुखतायत, एवढं चालणं व्हायचं नाही. नर्सला खोटं आजारपण सांगायचं म्हणजे माझी धिटाईच. ती खाली बसली, माझा पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्याने गुडघ्याभोवती सावकाश दाबून बघितलं. "सूज न्हाय," म्हणाली. मी म्हटलं, "आतून दुखतं." तिने माझ्या तोंडाकडे बघितलं... बराच वेळ. मग माझ्या साडीच्या निऱ्या नीट केल्या आणि म्हणाली, "बरं. मग बसत बसत जाऊ. ह्या मे महिन्यात न्हाय, त्याच्या पुढल्या." मी म्हटलं, "तू एकटी जाऊन ये ना." तर म्हणाली, "आणि दाखवू कुणाला?"

माझ्या गुडघ्यांपायी आमचं संध्याकाळचं चालणंही बंद पडलं. मे महिना आला. बोट ज्या दिवशी त्या शहराला लागणार होती, त्या दिवशी ती माझ्याकडे फणस घेऊन आली. "आज उतरलो असतो," एवढंच म्हणाली आणि कोयतीला तेल लावायला बसली. मी आत जाऊन उगाच डबे पुसत राहिले. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर ती हसली असती, दोन शिव्या घातल्या असत्या, माझा हात धरून मला बोटीत चढवलं असतं. मी मुकाट चढलेही असते, कारण कुंदाने हात धरला की पाऊल मागे घ्यायची माझी कधी टाप नव्हती. पण मी डबे पुसत राहिले. लावणी आली, ती गावी गेली, आणि तिथूनच गेली. वडिलांनी निदान कठड्यापाशी उभं राहून ते शहर बघितलं होतं. तिला तेवढंही मिळालं नाही, आणि ते माझ्यामुळे.

तेराव्याला मी तिच्या गावी गेले. जेवणं झाल्यावर वहिनीने मला आत बोलावलं आणि कॅलेंडरची एक गुंडाळी हातात दिली. "ताई येताना संगती घेऊन आलेल्या. रविवारी तुम्हाला दाखवायची व्हती." नकाशाच तो, पण नवा काढलेला. तीच निळी शाई, तीच लाल. मात्र आता वाटेवर जागोजागी हिरव्या शाईचे चौकोन होते आणि प्रत्येकाशेजारी 'बैठक' असं लिहून आकडा घातलेला, एक ते अकरा. बागेतले बाक, लायब्ररीच्या पायऱ्या, फेरीबोटीच्या धक्क्यावरचं छप्पर. चार दिवसांचे तिने पाच दिवस केले होते. माझ्या न दुखणाऱ्या गुडघ्यांसाठी त्या बाईने अख्खं शहर नव्याने मोजलं होतं. तिला माझं खोटं खरं वाटलं होतं का? तीस वर्षं माणसांची दुखणी चाचपलेला अंगठा होता तो. की मला कसली तरी भीती वाटतेय हे तिने तिथेच ओळखलं आणि मी सांगेन म्हणून थांबली? दोन्हींतलं काहीही खरं असलं तरी मला झोप लागत नाही.

घरी आल्यावर बरेच दिवस तो नकाशा मी उघडला नाही. गणपती विसर्जन झाल्यावर एके संध्याकाळी चपला घातल्या आणि स्टँडपासून निघाले. पोस्ट गेलं, गिरणी गेली. बेकरीशी आले तर इस्माईलभाई गल्ल्यावरून उठले, फळीखालचं एक निळं प्लास्टिकचं स्टूल काढलं, फडक्याने पुसलं आणि रस्त्याच्या कडेला मांडलं. "बसा बाई."

मी म्हटलं, "मला पाव नकोयत आज."

"पावाचं कोण बोललं? नर्सबाई ताकीद देऊन गेल्यात. मे महिन्यात येऊन जागा पण दाखवून गेल्या, इथंच मांडायचं म्हणून. बाईंचे गुडघे दुखतात, इथपर्यंत आल्या की बसवायचं. तुम्ही किती दिवस आलाच न्हाय, स्टूल आपलं वाट बघतंय."

नकाशात बेकरीशी पाच नंबरची बैठक होती. मी बसले. गुडघे ठणठणीत असलेली मी रस्त्याच्या कडेला, म्युझियमच्या दारात, स्टुलावर बसले. समोरून म्हसळ्याची एसटी गेली. आतून गरम पावाचा वास येत होता. इस्माईलभाई माझ्याकडे न बघता पाव मोजत राहिले, कारण मी रडत होते आणि ते भले गृहस्थ आहेत.

थोड्या वेळाने मी डोळे पुसले आणि उठायला लागले. तशी त्यांची बायको, हलिमाभाभी, पिठाचे हात ओढणीला पुसत लगबगीने बाहेर आली आणि तिने हात पुढे केला. मी म्हटलं, "असू दे गं, उठते मी."

"न्हाय, न्हाय," ती म्हणाली. "नर्सबाई दोनदा सांगून गेल्यात. बाई एकट्या उठायला बघतील, उठू द्यायचं न्हाय."

माझ्या गुडघ्यांना काही झालेलं नाही, हे त्या दोघांना मी अजून सांगितलेलं नाही. हा लेख छापलेली रविवारची पुरवणी बेकरीत येईल, तेव्हा कळेलच. स्टूल आत गेलं तर मी रागावणार नाही. त्या संध्याकाळी मात्र हलिमाभाभीचा हात नसता, तर मला खरंच उठता आलं नसतं.