नाकवालीचा वास गेला तेव्हा

नाकवाली जवळ आली की गाड्या आपले दोष आपणहून कबूल करतात, असं ती स्वतःच सांगायची. दुसरं कुणी म्हणेल याची वाट बघण्याइतका धीर तिच्यात नव्हता. गॅरेज तिचं, नाकही तिचं. बॉनेट उघडायच्या आधीच ती हुंगून सांगे, ऑइल जळतंय, कूलंट गळतंय, मागच्या सीटखाली मालकाचे मोजे पडलेत. धूर सोडून गळती शोधायचं एक मशीन तिने घेतलं होतं खरं, पण त्यावर ती जेवणाचा डबा ठेवायची. ते बिननाक्यांसाठी, म्हणायची.

मग तिला ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. नाक जागच्या जागी, सर्दीही नेहमीसारखी, वास मात्र ठार बंद. याचा तिने कुणाला पत्ता लागू दिला नाही. गाडी आली की मान वर करून हुंगायची, डोळे बारीक करायची आणि गिऱ्हाइकालाच गोडीत विचारायची, तुम्हाला नक्की कसला वास येतो? यावर बरेच दिवस निभावलं.

अडलं ते थोरल्या बहिणीपाशी. ताईच्या गाडीत पेट्रोलचा वास यायला लागला. शिवाय पंपावर टाकी भरताना नळी सारखी टक करून बंद पडायची, मागचे लोक हॉर्न वाजवायचे आणि ताई खिडकीतून त्यांच्या सात पिढ्यांची चौकशी करायची. नाकवालीने ऐटीत हुंगलं, वासबिस काही नाही म्हणाली, टाकीचं झाकण बदललं आणि ताईला वाटेला लावलं. ताई परत आली, तेव्हा या वयात असे भास होतात, असंही सुनावलं. पुढच्या खेपेला ताई गाडीतून उतरली ती सरळ गॅरेजच्या पायरीवर ओकली.

नाकवालीने धावत जाऊन गाडीची चारी दारं उघडली. आत पेट्रोलची वाफ, त्यात सख्खी बहीण, आणि भाऊजींना गाडीत बसून सिगारेट ओढायची खोड.

"ताई, मला वास येत नाही," ती म्हणाली. "ताप आला तेव्हापासून काहीच येत नाही."

ताईने पदराने तोंड पुसलं. "तरीच माझी करपलेली भाजी मागून मागून खाल्लीस. मला वाटलं, शेवटी माझ्या हाताची चव कळली तुला."

यावर दोघी हसल्या. मग नाकवाली मुसमुसून रडली, आणि तेवढ्यात आलेल्या एका गिऱ्हाइकाला ताईने हाताने हाकललं.

जेवणाचा डबा उतरवून धुराचं मशीन बाहेर निघालं. टाकीतली वाफ एका कोळशाच्या डब्यात जाऊन मुरते, इंजिन ती नंतर ओढून जाळतं, आणि डब्याला श्वास घ्यायला एक नळी असते. नाकवालीने धूर सोडला. तो त्या नळीतून निघायला हवा होता, तिथून फुंकरही येईना. निघाला तो टाकीवरच्या एका चिरलेल्या रबरी पाइपातून, अगदी मागच्या सीटखालून. तिने श्वासाची नळी काढून आपटली, तर आतून मातीचं ढेकूळ पडलं. कुंभारीण माशीने तिथे ऐसपैस घर बांधलं होतं. वाफेला नेहमीची वाट बंद, म्हणून ती कमजोर पाइप फोडून ताईकडे आली होती. भरताना टाकीतली हवाही तिथेच अडायची, म्हणून पंपाची टकटक.

नळी साफ झाली, पाइप नवा बसला. पुन्हा सोडलेला धूर नळीच्या तोंडातून शहाण्यासारखा बाहेर आला. ते तोंड बोटाने दाबलं, तर दुसरीकडून कुठूनच निघेना. एरवी नाकवालीने स्वतःची आरती ओवाळून घेतली असती. त्या दिवशी ती नुसतीच धुराकडे बघत राहिली.

वास अजून आलेला नाही. आता ती गिऱ्हाइकांना तसं तोंडावर सांगते आणि मशीन लावते. ताई मात्र रोज दुपारी येते, पाठीमागे हात बांधून गाड्यांभोवती फिरते आणि हुंगून निकाल देते. परवा एका गाडीत तिने भलीमोठी गळती जाहीर केली. नाकवालीने सगळं खोललं, तेव्हा डॅशबोर्डच्या कप्प्यात अत्तराची सांडलेली बाटली सापडली. ताईचं म्हणणं, गळती ती गळतीच.