पळणारी सापडली

सायखेड्याच्या शिवारात कुणी पळताना दिसलं की लोक आधी त्याच्या मागे बघतात. गोदाकाठी ऊस आणि उसात बिबट्या. वासरू गेलं, कुत्रं गेलं, अशी बातमी महिन्या-दोन महिन्यांनी येतेच. त्यामुळे इथे उसाच्या कडेने सकाळी जाणारा माणूस गप्प जात नाही. मोबाइलवर गाणी लावतो, खाकरतो, बैलाशी बोलतो, बैल नसला तर स्वतःशी. अशा गावात सुवर्णा त्रेचाळिसाव्या वर्षी रोज रस्त्याने पळायला लागली.

कारण सरळ होतं. तिच्या आईचा पाय शुगरने गुडघ्यापासून गेला होता. दसऱ्याच्या सुमारास सुवर्णाचीही शुगर वाढलेली निघाली, तेव्हा नाशिकच्या डॉक्टरांनी भराभर चालायला सांगितलं. ती आठ दिवस चालली आणि नवव्या दिवशी पायांनी आपणहून वेग घेतला. शाळेत ती पळण्यात मुलांनाही हार जायची नाही, ते पायांना अजून आठवत होतं. गावच्या दुकानात बायकांचे पळायचे बूट नव्हते, म्हणून तिने पुरुषांचे सहा नंबरचे घेतले. पंजाबी ड्रेसवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवून साडेसहाला ती घराबाहेर पडायची. औषध म्हणून धरलेली गोष्ट महिन्याभरात हौस झाली. म्हशी, स्वयंपाक, कोथिंबिरीच्या जुड्या, या सगळ्यातून ती चाळीस मिनिटं तेवढी तिची होती. ती तिला कुणालाही द्यायची नव्हती.

गावाने चार दिवस थट्टा केली आणि सोडून दिली. खरा ताप होता रस्त्याने जाणाऱ्या परक्यांचा. आपल्याकडे पुरुष पळाला तर त्याची भरतीची तयारी चाललेली असते. बाई पळाली तर घरात काहीतरी बिनसलेलं असतं, नाहीतर तिच्या डोक्यावर परिणाम झालेला असतो. "मावशी, बस हुकली का?" "काकू, नवऱ्यानं हाकललं काय?" पिकअपमध्ये मागे उभे असलेले तर शिट्ट्याही मारायचे. सुवर्णा उत्तर द्यायची नाही, कारण तोंड उघडलं की दम जातो. मनातल्या मनात मात्र ती त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

मग डिसेंबरातला तो मंगळवार आला. मोटरसायकलवरून दोन चांगले तिशीतले बाप्ये आले. त्यांनी गाडी तिच्या बरोबरीला आणली आणि मागचा बेंबीच्या देठापासून ओरडला, "बिबट्या! पळा, बिबट्या!" दोघे खिदळत पुलाकडे निघून गेले. जाताना मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

रस्त्यालगत गोटीरामअण्णांच्या द्राक्षबागेत तेव्हा भागीबाईची मजुरांची टोळी द्राक्षाचे घड वाढीच्या औषधाच्या मगात बुडवत होती. पेठ तालुक्यातून कामाला आलेली वीस माणसं होती. त्यांना मांडवाखालून दिसली धापा टाकत पळणारी बाई, आणि कानावर आला तो एकच शब्द. हातातले मग टाकून टोळी उधळली. औषधाचे दोन ड्रम लवंडले, मीना नावाच्या मुलीचा पाय मुरगळला. शेजारच्या मळ्यांतलीही माणसं घराकडे धावली. दुपारपर्यंत शिवारात चिटपाखरू उरलं नाही, आणि उरलेलं कालवलेलं औषध दुसऱ्या दिवशी काही कामाचं नव्हतं.

संध्याकाळी अण्णा सुवर्णाच्या ओट्यावर येऊन बसले. भागीबाईही आली आणि खांबाला टेकून उभी राहिली.

"सुवर्णाबाई, झालं ते झालं," अण्णा म्हणाले. "पण हे पळणं आता बंद करा. तुम्ही उगाच पळताय का जीव वाचवाया पळताय, हे लांबून लोकांना काय कळणार?"

नवरा, लहानू, जमिनीकडे बघत म्हणाला, "घरामागं चालत जाय ना. लोकांच्या तोंडी कशाला लागायचं?"

सुवर्णाला दिवसभर अपराध्यासारखं वाटत होतं. मीनाच्या पायाला ती स्वतः हळदीचा लेप लावून आली होती. पण ओट्यावर बसल्यापासून त्या मोटरसायकलवाल्यांचा कुणी साधा उल्लेख केला नव्हता, आणि त्याने तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अण्णा, वरडलं कोण?"

"ते गेले की निघून. त्यांना आता कुठं हुडकायचं?"

"म्हंजे वरडणारे गेले, पळणारी सापडली! म्हणून पळणारीला बांधून घालायची? माझ्या आईचा पाय कापला तवा मी तिच्या उशाशी बसले व्हते. माझे दोन्ही पाय हायेत तवर मी पळणार. उद्या साडेसहाला निघणार, परवाबी निघणार."

लहानूने मान वर करून बायकोकडे पाहिलं. मग भागीबाई पहिल्यांदा बोलली.

"बाय, तुझं खरं हाय. पण आमचा दिस बुडला. वाघाचं नाव काढलं का आमची माणसं थांबायची नाय. आम्ही कसं वळखायचं?"

हा प्रश्न रास्त होता. सुवर्णाला तो टोचला नाही, उलट कुणीतरी तिला विचारतंय याचं बरं वाटलं.

"वळखाल," ती म्हणाली. "उद्यापासून मी गप जायची नाय. बागेपाशी आले का माझं नाव सांगत जाईन. नाव ऐकू आलं का समजायचं, बिबट्या नाय."

"आन् नाव नाय ऐकू आलं तं?"

"तर खुशाल पळा. मी तुमच्या पुढं असंन."

भागीबाई तोंडाला पदर लावून हसली. अण्णा मात्र हसले नाहीत. "बघू," म्हणून उठले.

दुसऱ्या दिवशी बागेच्या कोपऱ्यावर सुवर्णाने तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. लग्नापासून घरात ती 'अगं' होती, दारात 'साईची आई' होती. स्वतःचं नाव तिने इतक्या मोठ्याने कधी घेतलंच नव्हतं. तिला लाज वाटली, आणि मग त्या लाजेचाच राग आला. "सुवर्णा हाय गं! सुवर्णा!" ती ओरडली. दम गेला, पोटात कळ आली, तरी ती थांबली नाही. गुरुवारी आवाज मोकळा झाला.

शुक्रवारी मागून तीच मोटरसायकल आली. तेच दोघे, तोच खेळ. "बिबट्या! पळा रे, बिबट्या!"

बागेत कुणी हललं नाही. मांडवाखालून भागीबाईचा खणखणीत आवाज आला, "बिबट्या नाय रं मुडद्या, सुवर्णा हाय ती!" आणि पाठोपाठ हातात मग धरलेली सगळी टोळी ओरडली, "सुवर्णा! सुवर्णा!" ड्रमपाशी उभे असलेले अण्णाही त्यात ओरडले. मोटरसायकलवाला एवढा दचकला की गाडी रस्त्याखाली उतरता उतरता राहिली. दोघे माना खाली घालून निघून गेले.

सुवर्णाने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. शाळेत हजेरीला द्यायची तशी तिने बागेला ओ दिली आणि वेग वाढवला.